नीरेकाठचा अर्धा तास

साताऱ्याहून पुण्याकडे येताना नीरेचा पूल ओलांडला की सातारा जिल्हा संपतो व भोर तालुक्यातील सारोळे लागते. 1928 साली पुऱ्या झालेल्या भाटघर धरणाचे पाणी वेळवंडीवाटे नीरेस मिळून याच पुलाखालून जाते.

चैत्रातील दुपारी आम्ही येथे चहापुरते थांबलो. आमची जुनी, कार्बुरेटरची मोटार वाटेत उत्तम चालली होती. आता मात्र काही केल्या सुरू होईना. बरोबर वृद्ध मातोश्री, आणि पुण्यास रात्रीची आगगाडी गाठावयाची! जमलेल्यांपैकी एका गृहस्थांनी कार्बुरेटरात पेट्रोल ओतण्यास सुचविले. तापल्या इंजिनावर पेट्रोल म्हणजे आगीस आमंत्रण. आम्ही नम्रपणे नकार दिला.

इंजिन थांबताच पंखा व पाण्याचे अभिसरणही थांबते, आणि लोखंडातील उष्णतेने पेट्रोलची नळी काही मिनिटे उलट अधिकच तापते. मग पेट्रोलची वाफ होऊन पंप निकामी ठरतो, किंवा कार्बुरेटरातून पेट्रोल उतू जाऊन प्लग भिजतात. क्वचित तापलेली कॉइलच दगा देते व निवल्यावर साळसूदपणे चालू लागते. यास्तव आम्ही प्लग काढून पाहिले. ते कोरडे होते, ठिणगीही निळी व जोरकस. तेव्हा अपराधी वाफच! पंपावर व नळीवर ओले फडके ठेवले, झाकण उघडे टाकले; पंधरा-वीस मिनिटांत इंजिन सुरू झाले.

जलाशयावरील पेट्रोलच्या होडीसही हेच दुखणे जडते. तेथे इंजिन पेटीत कोंडलेले. म्हणून आधी पेटी उघडून तळाशी साचलेली पेट्रोलची वाफ जाऊ द्यावी लागते. तिच्यावर ठिणगी पडली तर होडीच पेटते.