निंबोळ्यांची पिशवी

आमच्या आदिलाबादच्या घरासमोर सासऱ्यांनी लावलेला कडूलिंब आहे. २०२१च्या पावसाळ्यानंतर त्याचे शेंडे करपायला लागले. दिवाळीपर्यंत अर्धं झाड भाजल्यासारखं तपकिरी झालं. उटनूरच्या रस्त्यानंही तेच. कुणी म्हणे दृष्ट लागली, कुणी म्हणे मोबाइलच्या टॉवरमुळे. चैत्रात मात्र पालवी फुटली. पाडव्याला गुळासोबत पानं मिळाली, शेजारच्या तेलुगू वहिनींना उगादीच्या पच्चडीपुरता मोहोरही. आम्ही म्हटलं, बरं झालं झाड.

त्या जूनमध्ये मी निंबोळ्या वेचल्या आणि चारोळी विकायला येणाऱ्या गोंड मावशींना पिशवीभर दिल्या. "गावात लावा, सावली होईल." एवढ्याशा दानाचंही मला केवढं समाधान!

पाऊस सरला आणि लिंब पुन्हा वाळला. मग शेतकी शिकलेल्या भाच्यानं समजावलं. ही फोमॉप्सिस नावाची बुरशी. कोवळ्या शेंड्यांतला रस शोषणारा कीडाही सोबत असतो, कोकणात काजूवर येतो तोच ढेकण्या. त्यानं केलेल्या जखमांतून बुरशीला वाट मिळते. तेलंगणभर हेच चाललंय. वाळल्या फांद्या छाटून जाळायच्या, औषध फवारायचं. फवारणी म्हटल्यावर सासूबाई गप्प झाल्या. जीव मारायचे कसे? आणि भाचा सहज बोलून गेला, "मामी, रोगट झाडाचं बी कुणाला देऊ नका. त्यातूनही रोग जातो."

माझ्या पोटात धस्स झालं. मुंगी चिरडू नये म्हणून खाली बघून चालणारी मी, पिशवीत रोग बांधून दिला होता!

दुसऱ्या दिवशी बस पकडून मावशींच्या गावी गेले. शाळेच्या कुंपणाला रोपांची रांग होती. त्यातली काही माना टाकलेली. मी सगळं सांगितलं. माझ्याच बियांमुळे झालं की वारा-पावसानं आणलं, कोण सांगणार? मावशी रागावल्या नाहीत.

"बाई, सागाच्या पानाची दर पावसाळ्यात अळी जाळी करते. आमी भेत नाही, साग पुन्हा फुटते. पन हे नवीन हाये, हे आमाले कोनी सांगितलंच नाही."

खरंच होतं. २०१८ साली मक्यावर अमेरिकन लष्करी अळी आली, तेव्हा बाजारात ज्याच्या त्याच्या तोंडी तिचंच नाव. पिकाचा रोग पैशाचा, म्हणून त्याचा बोभाटा होतो. जंगलाकाठच्या झाडाचा रोग कोण कुणाला सांगतो? जुनी कीड त्यांना आपल्यापेक्षा चांगली कळते. नवी कळायला कुणीतरी वेळेवर जाऊन सांगावं लागतं, आणि त्यांच्या बोलीत.

माना टाकलेली रोपं आम्ही दोघींनी उपटून जाळली. उरलेल्यांवर मावशी नजर ठेवणार आहेत. घरी आम्ही फांद्या छाटतो, शेंड्यांवर बुरशीचं औषध मारतो. कीटकनाशकाला सासूबाईंची अजून संमती नाही, आणि मी हट्ट धरत नाही. अहिंसा म्हणजे नुसतं न मारणं, असं मी समजत होते. न कळता पसरवणं हीही हिंसाच, हे मला त्या पिशवीनं शिकवलं.

आता निंबोळ्या वेचते, पण घराबाहेर देत नाही.