दारातले यंत्र, घरातला हिशेब

शिरूर आणि दौंड या तालुक्यांत पूर्वी दारापुढच्या बैलजोड्या मोजून घराची पत ठरत असे. आज ती ट्रॅक्टर आणि जेसीबी पाहून ठरते. त्यात वावगे काही नाही. कालव्याच्या पाण्याने ऊस वाढला, रांजणगाव आणि कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती आल्या, रस्ते रुंदावले. या साऱ्या कामांना नुसते मनुष्यबळ पुरणे शक्य नव्हते. परंतु आमच्या परिचयाच्या काही घरांत यंत्राने भाकरी दिली, तर काही घरांतून याच यंत्रापायी जमिनीचा तुकडा गेला. हे असे का होते, याचा विचार आपण कुटुंबात बसून करावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्या दोन नावांनी आपण ही यंत्रे ओळखतो, त्यांचा उगम शेतीतच आहे. 'पोकलेन' हे फ्रान्समधील एका कंपनीचे नाव. जॉर्ज बताय यांनी 1927 साली ती काढली, ती शेतीची अवजारे बनवण्यासाठी. 'जेसीबी' ही जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांच्या नावाची आद्याक्षरे. जेझुइट धर्मगुरूंच्या स्टोनीहर्स्ट विद्यालयात शिकलेल्या या इंग्रज कॅथोलिक गृहस्थांनी ऑक्टोबर 1945 मध्ये एका लहानशा गॅरेजमध्ये, एका पौंडाला घेतलेल्या जुन्या वेल्डिंग यंत्राने आणि युद्धातून उरलेल्या सामानातून शेतकऱ्यासाठी एक ट्रॉली तयार केली व ती 45 पौंडांना विकली. पुढे माती भरणारी बकेट आणि मागे खोदणारा हात असलेले त्यांचे यंत्र 1953 साली आले. एका ट्रॉलीपासून त्यांचा धंदा पायरीपायरीने वाढला. आपल्याकडे मात्र पहिली पायरीच तीस-पस्तीस लाखांची असते, आणि तीही कर्जाची.

म्हणून खरेदीपूर्वी 'यंत्र कोणते घ्यावे' याआधी 'काम किती तासांचे आहे' हे विचारावयास हवे. एक साधे उदाहरण घेऊ. समजा, जेसीबीला तासाला 1,200 रुपये मिळतात. त्यातील 450 रुपये डिझेलला गेले. ऑपरेटरचा पगार, टायर, ऑइल आणि दुरुस्ती यांसाठी 250 रुपये बाजूला काढले. उरले 500. बँकेचा हप्ता महिना 60,000 असेल, तर 120 तास काम केवळ हप्त्यासाठी करावे लागेल. म्हणजे महिन्याचे 24 दिवस, रोज पाच तास. मालकाच्या घरातील चूल त्यानंतरच्या तासावर पेटणार! शिवाय पावसाळ्यात माती ओली झाली की खोदाई थांबते, आणि उधारीने केलेल्या कामाचे पैसे येतात ते वेगळ्याच मुहूर्तावर.

कामाचा ओघही कायम राहत नाही. डिसेंबर 2014 मध्ये जलयुक्त शिवार योजना आली आणि नाले खोलीकरणासाठी गावोगाव यंत्रे लागली. 2019 साली आलेल्या सरकारने ती थांबवली; तिचा दुसरा टप्पा 2023 साली सुरू झाला. पाटसचा भीमा सहकारी साखर कारखाना काही हंगाम बंद होता आणि 2022 साली भाडेतत्त्वावर पुन्हा सुरू झाला. योजना थांबते, कारखाना बंद पडतो. हप्ता मात्र थांबत नाही. भरभराटीच्या वर्षाकडे पाहून सात वर्षांचे कर्ज काढणे धोक्याचे, ते यासाठीच.

जुने यंत्र घेणाऱ्याने अधिक सावध असावे. आमच्या पाहण्यातील एका कुटुंबाने रंग नवा आणि मीटरवरचे तास थोडे पाहून यंत्र घेतले. पहिल्याच महिन्यात हायड्रॉलिक पंप गेला. मीटर बदलता येते. पिन आणि बुश यांची झीज लपत नाही. यंत्राचा मागचा हात उचलून हलवून पाहावा, सांध्यांतील ढिलाई कळते. थंड इंजीन आपल्यासमोर सुरू करावयास सांगावे. विश्वासू मिस्त्रीला दिलेले हजार रुपये येथे लाखाचे काम करतात.

देखभालीचे शास्त्र फार अवघड नाही, पण ते रोजचे आहे. दिवसाच्या कामानंतर सांध्यांना ग्रीस भरले तर धूळमिश्रित जुने ग्रीस बाहेर पडते. भरले नाही तर तीच धूळ कानशीसारखी पोलाद खाते. सकाळी इंजीन सुरू करण्यापूर्वी ऑइल आणि पाणी पाहावे. उन्हाळ्यात एअर फिल्टरकडे दुर्लक्ष करू नये. तासांप्रमाणे ऑइल बदलल्याची नोंद वहीत असावी. बैल दमला की मान टाकत असे, ते धन्याला दिसे. यंत्राचे दमणे वहीतच वाचावे लागते.

आता सर्वांत महत्त्वाचे. ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. उपरण्याचे टोक वा साडीचा पदर त्यात सापडला, तर हात मागे घेण्यासही अवधी मिळत नाही. मळणीयंत्रांवर हात गमावणाऱ्यांची संख्या पाहूनच 1983 साली धोकादायक यंत्रांविषयीचा कायदा करावा लागला. तरीही शाफ्टवरचे आवरण 'अडचण होते' म्हणून काढून ठेवलेले आम्ही पाहतो. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या रात्री मागच्या दिव्यांवाचून, परावर्तकांवाचून रस्त्याने जातात आणि मागून येणारा दुचाकीस्वार त्यांवर आदळतो. शंभर-दोनशे रुपयांची लाल पट्टी एका घरचा कर्ता वाचवू शकते. अन् जो ऑपरेटर दोन रात्री झोपलेला नाही, त्याला तिसऱ्या रात्री यंत्रावर बसवण्याचा अधिकार कोणत्याही मालकाला नाही. तोही कुणाचा तरी मुलगा आहे.

वाचकहो, यंत्राची खरेदी बहुधा पुरुष ठरवतात. मात्र जमीन तारण ठेवताना सही घरातील माउलीचीही घेतली जाते. तिला तासांचा आणि हप्त्याचा हिशेब समजावून सांगितल्याखेरीज ती सही मागू नये. महिन्यातून एकदा वही सर्वांसमोर उघडावी: किती तास काम झाले, किती येणे आहे, किती देणे आहे. हिशेब जमत नसेल तर यंत्र भाड्याने आणून काम भागवण्यात कमीपणा नाही. शेजारच्या चार घरांनी मिळून एक रोटाव्हेटर घेतला, तरी चारही शेते वेळेवर तयार होतात.