नान्नजला उतरलो

वैरागहून सोलापूरला एसटीनं किती वेळा गेलो असेन, मोजदाद नाही. दवाखाना, कापडखरेदी, तारखा. मधे नान्नज येतं तेव्हा बहुतेक वेळा डुलकीच लागलेली असते. गेल्या डिसेंबरात मात्र सुट्टीच्या दिवशी मुद्दाम नान्नजचं तिकीट मागितलं. बरोबर सामान नाही, काम नाही. कंडक्टरनं दोनदा विचारलं, "नान्नजच ना?"

हे माळढोकाचं गाव. १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं ते कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटरचं. गावंच्या गावं आत. जमिनीच्या व्यवहारांना अडचणी आल्या, आणि पुष्कळ वर्षांनी ते कमी करून १,२२२ वर आणलं. पक्ष्याचं नाव काढलं की आमच्याकडचे म्हातारे अजून तोंड वाकडं करतात. मला मात्र नुसतं चालायचं होतं.

अभयारण्याच्या कडेनं गाडीवाट धरली. माळावर झाड कमी, त्यामुळं नजर अडत नाही. वाळलेलं पिवळं गवत वाऱ्यानं एका अंगाला झुकायचं, परत उभं राहायचं. चंडोल गवतातून सरळ वर उडायचा, गात गात वर लटकायचा आणि दगडासारखा खाली यायचा. लांब काळवीटांचा कळप चरत होता. मी थांबलो की त्यातला नर मान वर करी. मी चालू लागलो की तो परत गवतात तोंड घाली. हा खेळ बराच वेळ चालला.

बोरीच्या तुटपुंज्या सावलीत फडकं सोडलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, बुक्कीनं फोडलेला कांदा. मेंढरं घेऊन एक धनगर आला, जवळच उकिडवा बसला.

"काय शोधताय, पावनं?"

"काही नाही. फिरतोय."

"माळढोक का?"

"दिसतो का?"

"आमच्या बापानं लई बघितल्यात," म्हणाला, आणि माझ्या हातातली अर्धी भाकरी मोकळेपणानं घेतली.

माळढोक दिसला नाही. खरं सांगायचं तर दुपारनंतर मी त्याला शोधायचंही विसरलो होतो. दिवस कलला तसा फाट्यावर येऊन बसलो. दोन गाड्या भरून गेल्या, थांबल्या नाहीत. त्याचंही त्या दिवशी काही वाटलं नाही.

रात्री बायकोनं पँट झटकायला घेतली. गुडघ्यापर्यंत कुसळंच कुसळं. ती उलट्या बाजूनं ओढली की तुटतात, टोकाकडून सरळ काढावी लागतात. दिव्याखाली बसून एकेक वेचत ती म्हणाली, "सोलापूरला गेला होता ना तुम्ही?"