अपिलाची फाइल

नवऱ्याला पक्षाघाताचा झटका आला तेव्हा आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहत होतो. आरोग्यविमा माझ्या नोकरीतून मिळालेला. हॉस्पिटलचं बिल भागलं, अडलं ते पुढे. पुनर्वसन केंद्रातल्या सुरुवातीच्या मुक्कामाचे पैसे मिळाले आणि उरलेल्या दिवसांसाठी पत्र आलं: भरती राहणं वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नव्हतं, व्यायाम घरूनही करता आला असता. हे कोणाबद्दल, तर ज्याला कुशीवर वळायलाही माणूस लागत होता त्याच्याबद्दल.

मी राज्याच्या विमा खात्याकडे तक्रार केली. ही योजना आमच्या कक्षेत येत नाही, असं उत्तर आलं. कार्डावर विमा कंपनीचं नाव होतं, पण ती फक्त कारकुनी करत होती. बिलं भागत होती माझ्या कंपनीच्याच तिजोरीतून. अशा ‘सेल्फ-फंडेड’ योजनेला राज्यांचे विमा कायदे लागू होत नाहीत. लागू होतो १९७४ चा केंद्रीय कायदा, एरिसा. तो आला मुख्यतः पेन्शन वाचवायला. १९६३ मध्ये साउथ बेंडचा स्टुडबेकर मोटारींचा कारखाना बंद पडला आणि हजारो कामगारांच्या पेन्शनवर पाणी पडलं, त्याची आठवण या कायद्यामागे आहे. आरोग्य योजनाही त्याच छत्राखाली आल्या.

साताऱ्याहून सासूबाई म्हणाल्या, “अगं, तिकडं कायद्याचं राज्य आहे ना? मग ओढ की त्यांना कोर्टात.”

वकिलाने मला हिशेब समजावला. या दाव्यांत सहसा ज्युरी नसते. मनस्तापाची भरपाई नाही, दंडात्मक नुकसानभरपाई नाही. जिंकलात तर नाकारलेलं बिल, फार तर व्याज आणि न्यायाधीशांच्या मनात आलं तर वकिलाची फी. म्हणजे नाकारणाऱ्याचं जवळजवळ काहीच जात नाही. हरला तरी मुळात द्यायचे तेच पैसे देतो. मला याची चीड आली, अजूनही येते. शिवाय योजनेच्या कागदात निर्णयाचा स्वेच्छाधिकार राखून ठेवला असेल, तर १९८९ च्या सुप्रीम कोर्टाच्या फायरस्टोन खटल्यापासून कोर्ट एवढंच पाहतं की निर्णय मनमानी होता का. तो बरोबर होता का, हा प्रश्न मागे पडतो. आमच्या कागदात ते वाक्य होतं.

“खरी लढाई अपिलातच,” वकील म्हणाले. हे अपील कोर्टाआधी योजनेकडेच करायचं, त्यासाठी १८० दिवस मिळतात. त्या फाइलमध्ये जे नसेल ते कोर्ट सहसा बघत नाही.

मग मी कागद गोळा करायला लागले. योजनेची मूळ कागदपत्रं लेखी मागायची, तीही माझ्याच एचआरकडे, कारण कागदोपत्री प्रशासक माझी कंपनीच. ते पत्र पाठवताना पोटात गोळा आला. हक्क मागितला म्हणून नोकरीवर गदा आणायला त्याच कायद्याने मनाई आहे, हे ठाऊक असूनही. ३० दिवसांत कागद दिले नाहीत तर कोर्ट दिवसाला ११० डॉलरपर्यंत दंड करू शकतं, हे वकिलांनी पत्रातच नमूद केलं होतं. कागद आले.

सगळ्यांत उपयोगी पडल्या नर्सच्या आणि थेरपिस्टच्या रोजच्या नोंदी: कोणत्या दिवशी दोघांच्या आधाराने उभा राहिला, कधी गिळताना ठसका लागला, कधी उजव्या हाताचं बोट हललं. नकार देणारा डॉक्टर हाडांचा होता. अपिलात त्या विषयातल्या तज्ज्ञाचा सल्ला घ्यावाच लागतो, तोही आधीच्या माणसाचा नव्हे. हेही आम्ही लिहिलं. तरी अपील फेटाळलं गेलं, जवळपास पहिल्याच पत्राच्या शब्दांत.

२०१० च्या आरोग्यसुधारणा कायद्याने एक दार उघडून ठेवलं होतं: स्वतंत्र संस्थेकडून बाह्य फेरतपासणी. चार महिन्यांच्या आत मागायची आणि निकाल योजनेवर बंधनकारक. मी तीच फाइल पुढे पाठवली. निकाल आमच्या बाजूने लागला आणि केंद्राचं थकलेलं बिल चुकतं झालं. वकिलाची फी मात्र आमच्याच खिशातून गेली. कोर्टाची पायरी चढण्याआधीच्या कामाची फी सहसा परत मिळत नाही.