बाळंतिणीचे 48 तास आणि आपली चळवळ

1928 च्या जुलैत मुंबई कायदेमंडळात स्त्री कामगारांच्या प्रसूती भत्त्याचे विधेयक चर्चेला आले. त्याला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी सांगितले, की प्रसूतीपूर्वी आणि प्रसूतीनंतरही आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. 1929 मध्ये कायदा झाला. पुढे संविधानाच्या कलम 42 मध्ये प्रसूती साहाय्य हे राज्याचे कर्तव्य ठरले. जयंतीच्या भाषणांत आपण हे अभिमानाने सांगतो. त्यातला 'प्रसूतीनंतरही' हा शब्द मात्र आपल्या बोलण्यातून निसटतो, आणि सरकारी दवाखान्याच्या कारभारातूनही.

आम्ही शेंदूरजनाघाटच्या. गेल्या उन्हाळ्यात एका सरकारी रुग्णालयाच्या पीएनसी वॉर्डात आम्ही सात बाळंतिणी होतो. रुग्णालयाचे नाव लिहीत नाही. सामाजिक कामात फिरताना असे वॉर्ड आम्ही बरेच पाहिले आहेत. सातपैकी पाच बौद्ध, एक मातंग, एक गोंड. कोणी संत्र्याच्या बागेत निंदायला जाणारी, कोणी मंडीवर संत्री निवडणारी, एक एम.ए. होऊन संस्थेत नोकरी करणारी. टाके सगळ्यांचे सारखेच दुखत होते.

बाळ बाहेर येईपर्यंत आमच्याकडे लक्ष होते, हे खरे आहे. डॉक्टर आले, सिस्टर धावल्या. बाळ रडले, वजन झाले, रजिस्टरमध्ये नोंद झाली. त्यानंतर आम्ही कोणाच्याच नव्हतो. रात्रभर कोणी पोट दाबून पाहिले नाही, रक्तस्राव किती होतो ते विचारले नाही. बीपी एकदाच पाहिला. संडासात पाणी नव्हते, दाराला कडी नव्हती. टाके घातलेल्या बाईने बादली उचलून न्यायची. फरशीवर रक्त सांडले, तर एका सासूच्या हाती फडके दिले गेले: "तुमच्याच पेशंटचं आहे, पुसून घ्या." एकीला दूध येत नव्हते. बाळाला छातीशी कसे धरायचे हे दाखवायला पाच मिनिटे कोणाला नव्हती. "पावडरचा डबा आणा" एवढेच उत्तर मिळाले.

आमच्यातली एक सिकलसेलची रुग्ण होती. विदर्भात हा आजार बौद्ध आणि आदिवासी समाजात मोठ्या प्रमाणात आहे. अशा बाईच्या शरीरात पाणी कमी पडले, ताप आला, तर हाडे फोडून काढल्यासारख्या वेदना सुरू होतात. मे महिन्याचे वऱ्हाडातले ऊन, वॉर्डातला पंखा बंद, प्यायचे पाणी खालच्या मजल्यावर. ती कण्हू लागली. तिच्या आईने विनवले, "माय, जरा पाहा नं, पोरीले लय त्रास होऊन राह्यला." उत्तर आले, "तुमच्याकडच्या बायांले नाटकं फार." तिचे सिकलसेलचे कार्ड उशीखालीच राहिले.

सव्वीस तासांनी आम्हाला बेड रिकामे करायला सांगितले. स्वखुशीने जात आहोत अशा कागदावर सह्या घेतल्या. घरी सोडणारी गाडी "कॉलवर गेली" होती. ऑटोवाल्याने सहाशे रुपये घेतले. पाचव्या दिवशी एकीला ताप भरला, टाके पिकले. खासगी डॉक्टरकडे तिच्या नवऱ्याची महिन्याची मजुरी गेली.

आता सरकारचे स्वतःचे नियम पाहू. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम 1 जून 2011 पासून लागू आहे. त्यात प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, सगळे मोफत. साध्या प्रसूतीला तीन दिवस, सिझेरियनला सात दिवस जेवण मोफत. दवाखान्यात नेणारी आणि घरी सोडणारी गाडीही मोफत. साध्या प्रसूतीनंतर किमान 48 तास आईला ठेवायचे असते, कारण जास्त रक्तस्राव, वाढलेला बीपी, झटके हे धोके याच काळात असतात. घरी गेल्यावर आशाताईने 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी येऊन आई आणि बाळाला पाहायचे असते. 2017 च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात तर बाळंतिणीशी सन्मानाने वागण्याचीही तरतूद आहे.

मग नियम असून असे का होते? कर्मचारी कमी आहेत हे पहिले उत्तर, आणि ते खोटे नाही. रात्री एकच सिस्टर प्रसूतिगृहही पाहते आणि वॉर्डही. सफाईच्या मावशी कंत्राटी आणि बहुधा आपल्याच वस्तीतल्या असतात. त्यांच्यावर राग काढून काही साधणार नाही. पण कर्मचारी कमी असताना कोणाला थांबवायचे आणि कोणाकडे आधी जायचे, हे ठरवताना आडनाव आणि वस्ती बोलते. "तुमच्याकडच्या बाया" हे दोन शब्द मनुष्यबळाच्या कमतरतेतून येत नाहीत.

बाळंतपणाच्या रक्ताला या देशात विटाळ मानले गेले, आणि विटाळाचे काम जातीवर टाकले गेले. मांगवाड्यातल्या सुइणींनी गावाच्या घराघरांतली लेकरे जन्माला घातली, नाळ कापली. काम झाले की त्यांनी घराबाहेर उभे राहायचे. जिच्या हातांनी गाव जन्मले, तिच्याच नातसुनेला आज वॉर्डात स्वतःचे रक्त स्वतःच्या माणसांकडून पुसून घ्यावे लागते. इमारत सिमेंटची झाली, तरी रक्त कोणी पुसायचे याचा नियम जुनाच राहिला.

ही तक्रार मनाला लावून घेण्याची नाही, कायद्याची आहे. शांतिदेवी अनुसूचित जातीच्या आणि गरीब होत्या. 2010 मध्ये बाळंत होताच त्यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी लक्ष्मी मंडल प्रकरणाच्या निकालात दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या प्रकरणाची दखल घेतली आणि मातेचे आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले. म्हणजे कलम 21 पीएनसी वॉर्डाच्या दाराशी संपत नाही.

आता प्रश्न आपल्या चळवळीला. 14 एप्रिलला आपली मुले रक्तदान शिबिर घेतात, बाटल्यांचा आकडा फलकावर लिहितात. त्याच वस्तीतली बाळंतीण सव्वीस तासांत घरी पाठवली जाते, तेव्हा "बायांचा विषय" म्हणून तो आकडा कोणी लिहीत नाही. अत्याचाराच्या घटनेनंतर मोर्चा निघतो, आणि निघालाच पाहिजे. पण वॉर्डात हळूहळू होणारा अपमान प्रेतापर्यंत पोहोचेस्तोवर आपल्याला दिसत नाही.

मोठे आंदोलन उभे राहण्याची वाट पाहायची गरज नाही. प्रत्येक विहारात महिला मंडळाने गरोदर बायांची त्यांच्या संमतीने यादी ठेवावी. प्रत्येकीसोबत नियम माहीत असलेली एक बाई जावी. 48 तासांआधी 'स्वखुशीच्या' कागदावर सही करू नये. बाहेरून आणायला लावलेल्या औषधाची पावती जपावी. सिकलसेलचे कार्ड केसपेपरला टाचून द्यावे. आशाताईच्या सहा भेटी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणावाव्यात. तक्रार तोंडी न ठेवता वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी द्यावी, पोच घ्यावी आणि प्रत जिल्हा शल्य चिकित्सकांना पाठवावी. सुशिक्षित तरुणांनी माहिती अधिकारात नर्स आणि सफाई कामगारांची मंजूर पदे किती, भरलेली किती, हे विचारावे. कंत्राटी मावशींच्या मागण्याही त्याच निवेदनात याव्यात, कारण त्यांची लढाई आणि बाळंतिणीची लढाई एकाच फरशीवर चालली आहे.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हे आपण रोज म्हणतो. त्याची सुरुवात पुढच्या आठवड्यात वस्तीतली जी बाई बाळंत होणार आहे, तिच्या खाटेशेजारी 48 तास बसून करू या.

जयभीम.