परत येण्याचा पुरावा

आमच्या पारनेरला रेल्वे नाही. गाडी पकडायची तर आधी एसटीने नगरला जायचं. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण स्टँडवर अजून ‘नगर, नगर’ असाच पुकारा होतो. सत्तावीस वर्षांत मी रेल्वेत चार वेळा बसले. दोनदा कॉलेजच्या सहलीला, दोनदा वऱ्हाडात. एकटी एकदाही नाही.

आणि गेले सात महिने रोज रात्री जेवणं झाली की मी मोबाइलवर युरोपातल्या गाड्यांची वेळापत्रकं बघत बसते. पॅरिस, झ्युरिक, व्हिएन्ना, प्राग, बर्लिन, फ्रँकफर्ट. सहा शहरं, पाच गाड्या, पाच देश. सप्टेंबरमध्ये. एकटी.

याचं मूळ कंपनीच्या बसमध्ये आहे. मी सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. पहाटेच्या शिफ्टला जाताना कुणी झोपतं, कुणी गाणी ऐकतं. मी इंजिनाच्या पुढच्या काचेतून काढलेले व्हिडिओ बघायचे. त्यात कुणी बोलत नाही, काही घडत नाही. नुसता रूळ, बोगदा, बर्फ, स्टेशन, परत रूळ. तीन वर्षं बघितल्यावर एका पहाटे वाटलं, आपण हे कधी खिडकीतून बघणार आहोत की नाही?

मग कळलं की युरोपाबाहेरच्या लोकांसाठी युरेल नावाचा पास मिळतो. महिनाभरात कुठलेही पाच दिवस निवडायचे आणि त्या दिवशी तीसहून जास्त देशांतल्या गाड्यांत बसायचं. सत्ताविसाव्या वर्षापर्यंत तरुणांची सवलत असते. मला नोव्हेंबरमध्ये अठ्ठावीस पूर्ण होतील. म्हणजे युरेलच्या हिशोबाने मी अजून तरुण आहे आणि आमच्या गल्लीच्या हिशोबाने केव्हाच उशीर झालाय. दोन्हीकडे मुदत संपत आली होती. मी पहिली धरायची ठरवली.

घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, “एकटी? तिकडं काय आहे?” मी म्हणाले, “गाड्या.” ती भाकरी थापत राहिली. आप्पांनी मात्र चष्मा मागितला.

आप्पा एसटीत वाहक होते. आता निवृत्त होऊन शेती बघतात. त्यांना युरोप कुठं आहे याच्याशी फार देणंघेणं नाही, पण वेळापत्रक दिसलं की ते सरसावून बसतात. मी पहिला आराखडा दाखवला. त्यात एका ठिकाणी गाडी बदलायला आठ मिनिटं होती.

“आठ मिनिटांत उतरून, फलाट शोधून, बॅग घेऊन चढणार तू?”

“तिकडच्या गाड्या वेळेवर असतात, आप्पा.”

“गाडी वेळेवर असती. पाशिंजर नसतो.”

तो आराखडा रद्द झाला. थेट गाडी मिळेल तिथं थेट, हा पहिला नियम. अंधार पडल्यावर नव्या शहरात उतरायचं नाही, हा दुसरा. पॅरिसला बरीच मोठी स्टेशनं आहेत आणि झ्युरिकची गाडी त्यातल्या गार द लियोंहून सुटते, हे सांगायला मला पाच मिनिटं लागतील असं वाटलं होतं. आप्पा लगेच म्हणाले, “म्हणजे नगरला जसं माळीवाडा, तारकपूर आणि पुणे स्टँड. चुकीच्या स्टँडला गेलं की गाडी गेली.” मी सात-आठ लेख वाचून जे समजून घेतलं होतं, ते त्यांनी एका वाक्यात संपवलं.

पास असला म्हणजे सगळं झालं असं नसतं, हेही असंच कळत गेलं. पॅरिस-झ्युरिक गाडीला पास असूनही जागा वेगळी राखून ठेवावी लागते, वरचे पैसे भरून. पासवाल्यांसाठी जागा मोजक्याच असतात, म्हणून हे आरक्षण आधी उरकायचं. याउलट जर्मनी, ऑस्ट्रियातल्या बहुतेक दिवसाच्या गाड्यांत पास दाखवून सरळ बसता येतं, आणि एक गाडी चुकली तर पुढची घेता येते. झ्युरिक-व्हिएन्ना मी रात्रीची गाडी धरलीय. मध्यरात्रीच्या आधी चढलं आणि वाटेत गाडी बदलली नाही, तर पासचा एकच दिवस मोजला जातो. शिवाय एका रात्रीचं हॉस्टेल वाचतं.

“मुक्कामी गाडी?” आप्पांनी विचारलं.

“मुक्कामी नाही, रातराणी.”

“बायकांचा वेगळा डबा?”

“डबा नाही. पण बायकांसाठी वेगळी खोली मागता येते.”

“मग चालंल.”

हे सगळं मजेत चाललं होतं, एप्रिल येईपर्यंत.

व्हिसाच्या अर्जाला मागच्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट लागतं. माझा अर्ज जुलैत, म्हणजे एप्रिल ते जून माझ्या खात्यावर पैसे दिसायला हवेत. तीन वर्षांत साठवलेले दोन लाख सत्तर हजार होते. आणि एप्रिलमध्येच विहिरीने तळ गाठला. पारनेर पर्जन्यछायेत. आमच्याकडे पाऊस ढगात दिसतो आणि पुढे निघून जातो. जनावरांना पाणी विकत घ्यायला लागलं, तेव्हा आप्पांनी बोअर घ्यायचं ठरवलं. पहिला कोरडा गेला. दुसऱ्याला साडेतीनशे फुटांवर दीड इंच पाणी लागलं. दोन्ही मिळून, मोटरसकट, पावणेदोन लाख.

मी म्हणाले, माझ्या खात्यातून घ्या. मनापासून म्हणाले, पण म्हणताना पोटात काहीतरी खाली गेलं हेही खरं. आप्पा म्हणाले, “तुझे पैसे हलवायचे नाहीत.” चार दिवसांनी मला कळलं की आईच्या पाटल्या पतसंस्थेत तारण ठेवल्यात. मी आईशी भांडले. ती म्हणाली, “कपाटातच पडून होत्या की. कुठं मिरवणार होते मी?”

व्हिसाच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो: प्रवासाचा खर्च कोण करणार? मी ‘स्वतः’वर खूण केली. बँकेच्या कागदानुसार ते अगदी बरोबर आहे.

बाकीचे कागद जमवणं हे कामच होतं, आणि ते जमलं. अनेक देशांत जायचं असेल तर जिथं जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज करायचा. रात्री सारख्या झाल्या तर जिथं आधी पाऊल ठेवणार त्याच्याकडे. मी पॅरिसला चार रात्री धरल्या होत्या आणि बर्लिन-फ्रँकफर्ट मिळून चार. हा गोंधळ नको म्हणून पॅरिसची एक रात्र कापली. आता अर्ज जर्मनीकडे. फी ९० युरो, व्हिसा नाकारला तरी परत नाही. किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा. परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालेल असा पासपोर्ट. कंपनीचं रजा मंजुरीचं पत्र, पगाराच्या पावत्या, आयटी रिटर्न, प्रत्येक रात्रीचं बुकिंग. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, पण शेंगेनमध्ये आहे, म्हणून एकच व्हिसा पुरतो. पैसे मात्र तीन तऱ्हेचे: युरो, फ्रँक आणि चेक कोरुना.

अडले ते शेवटच्या कागदावर. सोबत एक पत्र जोडायचं असतं. त्यात कुठं, कशासाठी चाललोय ते लिहायचं आणि आपण परत येणार आहोत हे पटवून द्यायचं.

सेवा केंद्रातल्या दादांनी अनुभवाने सांगितलं, “जमीन आहे ना? सातबारा जोडा.” पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा उतारा निघाला. क्षेत्र २ हेक्टर १० आर. जिरायत. पिकाच्या रकान्यात बाजरी, मूग, ज्वारी. भोगवटादार म्हणून आप्पांचं नाव. माझं नाव त्यावर कुठंच नाही. लग्न नाही, मूल नाही, घर नावावर नाही. नोकरी आहे, पण ती सोडताही येते. कागदावर बघितलं तर मी न परतायला अगदी योग्य उमेदवार आहे.

इंटरनेटवरून एक नमुना उतरवून घेतला. माझे मायदेशाशी घट्ट संबंध आहेत, वगैरे. आप्पा म्हणाले, मराठीत वाचून दाखव. दाखवलं. ते म्हणाले, “हे कुणाचंबी पत्र असंल. यात तू कुठंय?”

त्या रात्री मला सेनापती बापट आठवले. पारनेरला शिकलेल्या प्रत्येकाला ते आठवतात, कारण कधी ना कधी त्यांच्यावर भाषण करावं लागतं. मी पाचवीत केलं होतं, निम्मं विसरले होते. पांडुरंग महादेव बापट, जन्म १२ नोव्हेंबर १८८०, पारनेर. १९०४ साली शिष्यवृत्ती मिळवून बोटीने विलायतेला गेले, एडिंबरात इंजिनिअरिंग शिकायला. तिथं इंग्रजी राज्याविरुद्ध बोलले म्हणून शिष्यवृत्ती गेली. मग पॅरिसला जाऊन रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्ब बनवायची कृती शिकले आणि १९०८ साली परत आले. पुढे मुळशीच्या धरणात जमिनी जाणाऱ्या शेतकऱ्यांसाठी सत्याग्रह केला आणि सेनापती झाले.

लहानपणी या भाषणात टाळ्या बॉम्बला पडायच्या. आता मला दुसरंच काही दिसलं. याच गावातला मुलगा, माझ्यासारखाच कुणाच्या तरी पैशांवर पॅरिसपर्यंत पोचलेला. परत येण्याचा पुरावा त्यांच्याकडे कुणी मागितला असेल असं वाटत नाही. उलट ते परत आले हीच सरकारची अडचण झाली. मी तिकडे जाऊन फक्त खिडकीतून बघणार आहे. तुलना करायची माझी लायकी नाही. पण एवढं वाटलं की परत येण्याची खरी कारणं कुठल्याच साहेबाला दाखवता येत नसावीत.

माझं खरं कारण साधं आहे. ऑक्टोबरपासून पाटल्यांच्या कर्जाचे पैसे माझ्या पगारातून जाणार आहेत. मी ते आप्पांकडून कबूल करून घेतलं, त्याशिवाय तिकीट काढणार नाही म्हणाले. ते कारण मी पत्रात लिहिलं. सेवा केंद्रातले दादा घाबरले. “ताई, कर्जाचं काढा आधी! कर्ज असलेलं माणूस तिकडेच राहील असं वाटतं त्यांना.” मी ती ओळ काढली. जागा रिकामी राहिली तिथं रजेची शेवटची तारीख आणि कामावर हजर होण्याचा दिवस लिहिला.

जूनमध्ये आप्पांनी अट घातली. “आधी इथं एकटी रेल्वेनं जाऊन ये. मनमाडला गाडी बदलून नाशिकला. मग तुझं पॅरिस.” गेले. पारनेर ते नगर एसटीचं अर्धं तिकीट, मग स्टेशन. मनमाडला उतरले, पुढच्या गाडीची वेळ बघितली, पाण्याची बाटली घेतली आणि बावीस मिनिटं शांतपणे उभी राहिले. चुकीच्या फलाटावर. माझी गाडी पलीकडच्या फलाटावर आली, थांबली, गेली. मी ती जाताना बघितली सुद्धा, छान दिसत होती.

पहिली पाच मिनिटं छातीत धडधड. मग चौकशी खिडकीवर विचारलं, नवीन तिकीट काढलं, तासाभराने दुसरी गाडी मिळाली. नाशिक रोडला उतरून एक वडापाव खाल्ला आणि परत फिरले. घरी खरं सांगितलं. वाटलं, आता जाणं रद्द. आप्पा म्हणाले, “चुकली ना एकदा? बरं झालं. इथंच चुकली.”

व्हिसा केंद्राची वेळ येत्या मंगळवारी आहे, पुण्यात. बोटांचे ठसे, फोटो, कागद. निकाल यायला साधारण पंधरा दिवस, कधी जास्त. नाही म्हणाले तर फी गेली आणि तरुणांची सवलतही गेली. पाटल्या तर तारण आहेतच. हे सगळं मला माहीत आहे आणि रात्री झोप लागत नाही तेव्हा तेच डोक्यात असतं.

काल आप्पांनी एक कागद दिला. फाइलमध्ये ठेव म्हणाले. शाळेच्या वहीचं पान, पट्टीने आखलेलं. गाडी, सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, स्टेशन, शेरा. पाचही गाड्या त्यांच्या अक्षरात. झ्युरिकपुढे शेरा, ‘रातराणी. बायकांची खोली.’ मी केलेला तक्ता फ्रँकफर्टच्या विमानापाशी संपत होता. आप्पांचा तिथं संपत नाही. त्याखाली तीन ओळी जास्त आहेत. मुंबई विमानतळ. पुणे, वाकडेवाडी स्टँड. आणि शेवटची, वाकडेवाडी ते पारनेर, सुटण्याची वेळ लिहिलेली, पोचण्याची वेळ लिहिलेली. शेऱ्यात लिहिलंय, ‘स्टँडवर घ्यायला येईन.’

कागदांच्या यादीत हा कागद नाही. मी तो सातबाऱ्याच्या मागे लावलाय.