फार स्वच्छ आकडे

कर्करोग नोंदणीचा तक्ता तपासायला आला की एकूण रुग्णसंख्या मी सगळ्यांत शेवटी बघतो. आधी बघतो ते किती निदानं सूक्ष्मदर्शकाखाली पक्की झाली, आणि किती जणांचा आजार फक्त मृत्यूच्या दाखल्यावरून कळला. या दुसऱ्या प्रकाराला आम्ही 'डीसीओ' म्हणतो.

पहिली टक्केवारी नव्याण्णवाला टेकली की नवखी मंडळी खूश होतात आणि मी अस्वस्थ. अशा वेळी बहुधा आमची माणसं पॅथॉलॉजी लॅबच्या याद्या घेऊन परतलेली असतात. सोनोग्राफीत यकृतात गाठ दिसली, वय बघून कुणी बायोप्सी केली नाही, मुलांनी घरी नेलं, अशा आजोबांपर्यंत कुणी पोचलेलंच नसतं. डीसीओ शून्य असेल तरी तेच. गावात मरण घरी येतं, कारणाच्या रकान्यात 'वृद्धापकाळ' पडतं. मग दाखल्यावरून कर्करोग सापडणार कुठून?

मुंबईची नोंदणी इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये सुरू केली, देशातली पहिली. आयसीएमआरच्या राष्ट्रीय कार्यक्रमाची माहिती १९८२ पासून गोळा होऊ लागली. पण शहराची पद्धत खेड्यात चालेना. १९८७ मध्ये बार्शीला ग्रामीण नोंदणी उभी राहिली, तेव्हा रुग्णालयात बसून वाट बघण्यात अर्थ नव्हता. कार्यकर्ते बार्शी, परांडा, भूम तालुक्यांतल्या गावांत फिरले, लोकांना लक्षणं समजावली, संशय वाटला त्यांना तपासणीला यायला लावलं. आकड्यांची प्रत मोजायच्या साऱ्या सूत्रांपेक्षा मला ही पायपीट मोलाची वाटते.

सगळ्यात वेळखाऊ काम एकच माणूस दोनदा मोजला गेलाय का हे शोधण्याचं. बाईंची बायोप्सी माहेरच्या नावाने, किरणोपचार सासरच्या. एका केस पेपरवर मधलं नाव वडिलांचं, दुसऱ्यावर नवऱ्याचं. कुठे नुसतं 'लक्ष्मीबाई'. वय एकीकडे पंचेचाळीस, दुसरीकडे पन्नास. (आपल्याकडे वयाचा आलेख काढला तर पन्नास, पंचावन्न, साठ इथे मनोरेच उभे राहतात.) पत्त्याची तर गंमतच. परळला उपचार घ्यायचे म्हणून भाच्याच्या खोलीचा पत्ता दिलेला असतो. किमान वर्षभर राहिलेल्यालाच तिथला रहिवासी धरायचं, असा नियम आहे. तो पाळला नाही तर साताऱ्याचा आजार मुंबईच्या खात्यावर चढतो.

बाईच्या नावापुढे प्रोस्टेटचा कर्करोग लिहिला असेल तर संगणक लगेच ओरडतो. पण फुफ्फुसातून यकृतात पसरलेला आजार यकृताचाच म्हणून लिहिला, तर तो गप्प बसतो, कारण ते शक्य कोटीतलं आहे. तिथे मूळ केस पेपर काढून पुन्हा वाचावाच लागतो, आणि रेकॉर्ड रूममधल्या माणसाशी आधीच गोडीगुलाबीने वागलेलं असावं लागतं.

हे सगळं होईपर्यंत वर्षं सरतात. २०२० च्या राष्ट्रीय अहवालात २०१२ ते २०१६ ची माहिती होती, त्यावर 'एवढा उशीर?' असं विचारणारे भेटतात. प्रश्न रास्तच आहे. पण उशिरा हाती लागणाऱ्या नोंदींसाठी थांबलो नाही, तर सर्वांत अलीकडचं वर्ष नेहमीच कमी भरतं, आणि दुसऱ्या दिवशी कर्करोग घटल्याची बातमी छापून येते.